देणगीदार टीव्ही म्हणतोय, माझ्या वर्गाला पुस्तकं हवीत (जि. प. प्राथमिक शाळा)

दुधनाकाठ

परभणी जिल्ह्यात एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ४३, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. मुख्याध्यापकाचा चार्जही सरांकडेच.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात गावातलाच एक मुलगा शाळेत आला. याच शाळेत शिकला, आता पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. जुन्या वर्गात बराच वेळ नुसता उभा राहिला. निघताना म्हणाला, "मॅडम, मी एक लाख देतो. मोठा स्मार्ट टीव्ही घ्या, इन्व्हर्टर घ्या. वर आईचं नाव टाका." त्याची आई गेल्या वर्षी वारली.

माणूस मनापासून देतोय, यात मला तिळमात्र शंका नाही. अडचण वेगळी आहे. आमच्या कपाटात एक प्रोजेक्टर आहे. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं आणि मागोमाग शाळा डिजिटल करायची लाट आली. गावानं तेव्हा घरटी वर्गणी काढून तो घेतला. दोन पावसाळे चालला. मग दिवा गेला. नवा दिवा बसवायचा खर्च ऐकून सगळे गप्प झाले, कारण वर्गणी वस्तूसाठी मिळते, दुरुस्तीसाठी कोणी देत नाही. आता तो जडवस्तू रजिस्टरला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) आहे म्हणून टाकताही येत नाही. ज्या बायांनी खुरपणीच्या पैशातून शंभर-दोनशे दिले, त्या शाळेत आल्या की मला त्या कपाटासमोर उभं राहवत नाही.

माझ्या वर्गात २१ लेकरं आहेत. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. १७ घरांत पाठ्यपुस्तक सोडलं तर छापलेलं म्हणून जे काही आहे ते कॅलेंडर आणि बियाण्याच्या पिशव्या. एक मुलगा पिशवीवरचं 'सोयाबीन' बघून 'स' ओळखायला शिकला, हे मला त्याच्या आजीनं सांगितलं. या लेकरांना गोष्टीची पुस्तकं हवीत. अडीचशेच्या आसपास, पानावर एक ओळ असलेल्यांपासून सुरू होऊन पायरीपायरीनं वाढत जाणारी. ती ठेवायला उघडी मांडणी, हात पुरेल अशी. भिंतीला खालून काळा पट्टा, म्हणजे प्रत्येकाला आपला दोन फुटांचा फळा मिळेल. बसायला जाड पट्ट्या. मी जिंतूर रोडच्या दुकानापासून सुतारापर्यंत सगळीकडं विचारून आले, चाळीस हजारांत बसतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याला न दुखावता हे कसं सांगू? आणि पैसे घ्यायचेच झाले तर कुठं, कोणाच्या नावावर, कोणत्या कागदावर?

वाटाड्या

ताई, मी केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटावरचा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. म्हणून आधी कागदाचं सांगतो.

पैसे तुमच्या खात्यावर किंवा फोनवर घेऊ नका. एक रुपयासुद्धा नको. "मॅडम, तुमच्याच नंबरवर टाकतो, तुम्ही आणा सामान" असं देणारा प्रेमानं म्हणतो, आपणही घाईत हो म्हणतो. अत्यंत सरळ माणसं यापायी चौकशीला उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पुढं ती निर्दोष ठरली, पण तोवर त्यांचं शिकवण्यातलं मन गेलं ते गेलं.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूणात निम्म्या महिला असतात, तेव्हा वर्गाला काय हवं हे सांगायला तिथं माणसं आहेत. शाळा विकास आराखडा त्या समितीनंच करायचा असतो. तुमची पुस्तकं, मांडणी, पट्टा हे आधी आराखड्यात घाला, मग देणगी स्वीकारायचा ठराव घ्या. ठराव आधी, पैसा नंतर. रक्कम घेणार असाल तर समितीच्या संयुक्त खात्यावर, धनादेशानं किंवा बँकेतून. पावती द्या, कीर्दीला घ्या.

त्याहून सोपं म्हणजे वस्तूच घ्या. दुकानाचं बिल देणगीदाराच्या नावानं, वस्तू शाळेच्या दारात. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल २०२१ च्या सप्टेंबरपासून याच रीतीनं चालतं. शाळेनं युडायस क्रमांकावर (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकावर) नोंदणी करायची आणि गरज लिहायची. तिथं रोख देता येत नाही, वस्तू द्या नाहीतर सेवा द्या. तुमच्या पुण्याच्या मुलाला ते पान दाखवलं तर "शाळेनं काय मागितलंय" हे तुमच्या तोंडून सांगायची वेळही येणार नाही.

जागल्या

मला या सगळ्याचा त्रास होतो म्हणून लिहितो. एकवीस लेकरांच्या गोष्टीच्या पुस्तकांसाठी एका बाईनं पुण्याच्या मुलाची मर्जी का सांभाळायची? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय असलंच पाहिजे याची यादी आहे. शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, मैदान, कुंपण. आणि त्याच यादीत ग्रंथालय आहे. वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, आणि गोष्टीची पुस्तकं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हा हक्क आहे. हक्काची वस्तू देणगीत आली की सरकारच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही.

दुसरं. हाच कायदा सांगतो की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. देणगी गोळा करणं हे कुठलं काम? तुमचे किती तास यात गेले ते मोजा.

दुधनाकाठ

वाटाड्या सर, ठराव आधी हे लक्षात ठेवते. अगदी तीच चूक होणार होती.

जागल्या दादा, तुमचं म्हणणं मला खोडायचं नाही. पण आकडे मांडते. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं. तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. आम्हाला २५,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे अडीच हजार गेले. उरलेल्यात वर्षाचं वीजबिल, खडू, रजिस्टरं, फिल्टरची दुरुस्ती, रंगाचा डबा, नळाची तोटी. मागच्या वर्षी माझ्या वर्गासाठी त्यातून एकोणीसशे रुपये निघाले. ग्रंथालयाचं अनुदान प्राथमिक शाळेला पाच हजारांपर्यंत असतं, त्यातली पुस्तकं शाळेत आहेत, पण बहुतेक बारीक टायपातली, चौथीच्याही पुढची.

आणि तास मोजले. अकरा, आतापर्यंत. सगळे शाळा सुटल्यावरचे.

जागल्या

अकरा तास वाचून वाईट वाटलं. तुम्ही दिलेले आकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचा. तुम्ही नको, समितीच्या अध्यक्षांना वाचायला सांगा. देणगी घेऊ नका असं मी आता म्हणत नाही. पण एक रेघ ओढा. छप्पर, स्वच्छतागृह, पाणी आणि शिक्षक यांसाठी देणगी मागायची नाही. त्यासाठी पंचायत समितीला पत्र, पोच घ्यायची, दर महिन्याला नवं पत्र. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, गाव विकास आराखड्यात शाळा बसते, तिथं भांडायचं. वर्गात रोज हाताळायची वस्तू असेल तरच देणगी.

तेरणेचा

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी चौथीत होतो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. बाकीचं इथं लिहीत नाही, लिहवत नाही. शाळेपुरतं सांगतो, कारण देणगी काय असते हे आमच्या भागानं जितकं पाहिलं तितकं महाराष्ट्रात कोणी पाहिलं नसेल.

५२ गावं नव्यानं वसवली. देशातून आणि बाहेरून मदत आली. ज्यांनी दिलं त्यांचे उपकार आम्ही आजही मानतो. माझं घर आणि माझी पुढची शाळा दोन्ही देणगीतून उभं राहिलं. तरी आता शिक्षक म्हणून मागं वळून बघतो तेव्हा दिसतं की काही वस्तू आमच्या हाती आल्याच नाहीत. आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेला कोणीतरी काचेच्या परीक्षानळ्यांची खोकी पाठवली. ती मी शाळा सोडली तेव्हा तशीच होती, गवतात गुंडाळलेली. लोकरीचे कोट आले, ते आमच्या उन्हाला कोण घालणार. मात्र दाराशी आलेल्याला नको म्हणायची आमची तेव्हा ताकदच नव्हती.

आणि एक बाई आल्या होत्या, कोणत्या संस्थेकडून ते मला तेव्हा कळलं नाही. पत्र्याच्या शेडात आमची शाळा भरायची. त्या पहिले आठ दिवस काहीच न देता नुसत्या बसल्या. आम्ही बोलत नव्हतो. आमच्या गुरुजींचंही घर गेलं होतं, तेही बोलत नव्हते. नवव्या दिवशी त्या तपकिरी कागदाचा एक जाड गुंडाळा आणि कोळशाच्या कांड्या घेऊन आल्या आणि तो कागद शेडभर अंथरला. आम्ही दिवसभर त्याच्यावर पालथे पडून काढत होतो. मी आमचा बैल काढला. त्या कागदाचा खर्च किती आला असेल? पण तो आठ दिवस बघून आणलेला होता.

ज्ञान प्रबोधिनी संस्थेचं आमच्या भागातल्या हराळी गावचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. भूकंपानंतर आले ते तिथंच राहिले, शाळा उभी केली.

ताई, त्या मुलाला एक दिवस वर्गात बसवा. काही सांगू नका. पहिलीचं लेकरू कशाकडं हात पुढं करतं ते त्याला त्याच्या डोळ्यानं दिसू द्या.

नांदेड_ते_ओहायो

तेरणेचा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी नांदेडची, सध्या ओहायोत. मुलगी इथल्या सरकारी एलिमेंटरी शाळेत दुसरीत आहे. इथल्या सरकारी शाळांना पैशाची ददात नसेल असं मलाही वाटायचं. पण शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे दोन गल्ल्यांपलीकडची शाळा वेगळीच दिसते. शिक्षक इथंही खिशातून खर्च करतात. इतके सर्रास करतात की आयकरात त्यासाठी वेगळी वजावट ठेवली आहे.

इथं डोनर्सचूज नावाची संस्था आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या चार्ल्स बेस्ट नावाच्या एका सरकारी शाळेतल्या शिक्षकानं २००० साली सुरू केली. शिक्षक आपल्या वर्गाचं एक पान टाकतो. माझ्या वर्गात कोण मुलं आहेत, काय हवंय, ते आल्यावर मी वर्गात काय करणार, आणि खाली वस्तूंची किमतीसह यादी. लोक त्यावर पाच-दहा डॉलरपासून देतात. पैसे शिक्षकाच्या हातात पडतच नाहीत. रक्कम पूर्ण झाली की संस्था वस्तू विकत घेऊन शाळेच्या पत्त्यावर पाठवते. ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाली नाही तर देणाऱ्याला आपली रक्कम दुसऱ्या वर्गाकडे वळवता येते. नंतर शिक्षक फोटो आणि चार ओळी पाठवतो. माझ्या मुलीच्या बाईंनी लिहिलं होतं की कार्पेटवर बसून वाचताना मुलं एकमेकांच्या पुस्तकात डोकावतात, म्हणून एकाच पुस्तकाच्या सहा-सहा प्रती हव्यात. तेवढ्या एका वाक्यावर मी पैसे दिले.

दुधनाकाठ ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं बियाण्याच्या पिशवीचं वाक्य जसंच्या तसं त्या मुलाला पाठवा. त्याच्यापुढं मी काही सुचवू शकत नाही.

परदेशातून कोणी देऊ म्हटलं तर एक सांभाळा. परकीय योगदान कायदा, २०१० प्रमाणे परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायला नोंदणी लागते, आणि गावच्या शाळेकडे ती नसते. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, म्हणून माझ्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदान धरले जात नाहीत. नवऱ्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्यानं दिलेले धरले जातात. आमच्या एकाच घरात हा फरक आहे. तेव्हा पैसे घेण्याआधी पासपोर्ट विचारा, संकोच करू नका.

शेंद्र्याहून

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामावरच्या खर्चाच्या) विभागात काम करतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्यावर मार्चअखेरीचा दाब असतो, तेव्हा एकदम पन्नास शाळांना एकच वस्तू देणं सोयीचं पडतं. तुमच्या एका वर्गाची चाळीस हजारांची मागणी आमच्याकडे पोचतच नाही, कारण तिची कागदपत्रं चाळीस लाखांच्या मागणीइतकीच असतात. हे मला आवडत नाही, पण आतून असंच चालतं.

त्यामुळे एकट्या शाळेनं कंपनीच्या मागं लागू नये. एकाच केंद्रप्रमुखाखालच्या आठ-दहा शाळांनी मिळून एक मागणी करावी, आणि ती नोंदणीकृत संस्थेमार्फत यावी. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेलाही कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर नोंदणी लागते. मागणी सप्टेंबर-ऑक्टोबरात द्या. आणि दुरुस्तीचा खर्च मागणीतच घाला. तीन वर्षांची देखभाल लिहिलेली मागणी आमच्याकडे फार कमी येते. आली की आम्ही ती वर घेतो.

करसवलतीबद्दल कोणी विचारलंच तर: देणगीवरच्या वजावटीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) पावती ज्या संस्थेकडे ती मान्यता आहे तीच देऊ शकते, दोन हजारांवर रोख दिली तर वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ही वजावट मिळतच नाही. पुण्याच्या नोकरदारानं नवी प्रणाली घेतली असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

बालाघाट

माझे मायबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते. मी सहावीपर्यंत अर्धं वर्ष शाळेत, अर्धं वर्ष कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. त्यामुळं मॅडम, मला तुमच्या यादीत एक गोष्ट घालायची आहे.

आमच्याकडची लेकरं दिवाळी झाली की टोळीबरोबर निघून गेली. कर्नाटकात, सांगली-कोल्हापुराकडं. मार्च-एप्रिलात परततील. काही आजी-आजोबांजवळ थांबतात, काही हंगामी वसतिगृहात जेवतात, पण ज्यांच्या घरी कोणीच नाही ती गाडीवर बसून जातात. शाळा त्यांना शिक्षण हमी पत्रक देते, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. मलाही दिलं असतं तर मी जपलं असतं. पण त्या पत्रकाबरोबर एका पिशवीत सहा-सात पुस्तकं दिली तर? कोपीत चिमणी लावून वाचणारं लेकरू मी स्वतः होतो. वाचायला माझ्याजवळ साखरेच्या पोत्यावरचा मजकूर होता. तुमचं बियाण्याच्या पिशवीचं वाचलं आणि तेच आठवलं.

परभणीकडं कोयत्यावर जाणारी कमी असतील, पण तुमच्याकडंही वीटभट्टीवर जाणारी असतीलच.

अजून एक. एकट्या पुण्याच्या पोरावर सगळं टाकू नका. गावाला वर्गणी कशी करायची ते नव्यानं शिकवावं लागत नाही. आमच्या गावात सप्त्याची वर्गणी होते, सात दिवसांच्या पंगती घरं वाटून घेतात, कोण चहाचं बघतं, कोण मंडपाचं. शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर देवळासमोर पै-पैचा हिशेब वाचून दाखवतात, आणि उरलेले पुढच्या सालाला जमा. त्याच माणसांना शाळेचा हिशेब तसाच वाचून दाखवा. चार वर्षांमागं आमच्याकडं महाराजांनी काल्याच्या कीर्तनातच शाळेचा विषय काढला, तिथंच उभ्या-उभ्या सतरा घरांनी एकेक महिन्याचं वर्तमानपत्र लावून दिलं. जूनमध्ये मात्र कोणाला मागू नका. तेव्हा बी-खतात माणूस बुडालेला असतो. सोयाबीन-कापूस विकला की मागा, नाही म्हणणार नाहीत.

किनवटची

बंजारा तांड्यावरच्या शाळेत आहे, एकोणीस लेकरं. बालाघाट दादा, पिशवीचं मी या जानेवारीपासूनच करते.

ताई, पुस्तकं आल्यानंतरचं सांगते, कारण खरी अडचण तिथं आहे. आमच्याकडं सहा वर्षांपूर्वी देणगीत दोनशे पुस्तकं आली. छान होती. मुख्याध्यापकांनी रजिस्टरला चढवली आणि कपाटाला कुलूप लावलं. का? कारण तपासणीला एक पुस्तक कमी भरलं तर भरून द्यावं लागेल ही भीती. तीन वर्षांनी मी कुलूप उघडलं तेव्हा पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली होती, कोरी. तुमचा प्रोजेक्टर बिघडला तरी आधी वापरला गेला होता. आमची पुस्तकं न वापरता मेली.

आता मी पुस्तकं लेकरांच्या घरी जाऊ देते. चिखल लागतो, बकरी खाते, लहान भाऊ फाडतो. वर्षाला दहा-बारा जातात. दर एप्रिलला समितीपुढं फाटलेली पुस्तकं ठेवते आणि ठरावानं कमी करून घेते. ज्या वर्षी एकही फाटलं नाही त्या वर्षी मला काळजी वाटेल.

भाषेचंही बघा. माझी लेकरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. मराठी पुस्तकातलं चित्र बघून ती गोष्ट गोरमाटीत सांगतात, मी मराठीत लिहून घेते, त्याचीच चार पानांची पुस्तकं शिवते. शिवाय प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्यात आहेत, उतरवून छापता येतात. पातळी लिहिलेली असते, पहिलीसाठी पहिल्या पातळीची निवडा. तुमच्या चाळीस हजारांतले तीन-चार हजार छपाईला ठेवा. तुमच्या वर्गाला जी गोष्ट आवडली ती वीस प्रतींत छापा, म्हणजे ओहायोच्या ताई म्हणाल्या तसं मिळून वाचता येईल.

वाटाड्या

किनवटच्या ताईंनी माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं दुखणं सांगितलं. कुलपं आम्हीच लावायला लावली, तपासणीच्या नावाखाली. मीही लावली. आता वाटतं, मी तपासणीला गेलो की फाटलेली पुस्तकं आधी मागायला हवी होती.

ठरावाची त्यांची रीत बरोबर आहे. कोणी हरकत घेतलीच तर दाखवायला सांगतो: केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, वाचनालयातून वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं रास्त धरलं आहे. तो नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला थेट लागू नाही, आणि तोही मोठ्या माणसांच्या वाचनालयाचा. पण पुस्तक हरवणं हा गुन्हा नाही एवढं त्यातून दिसतं. मात्र देवघेव वही ठेवाच. ती दुसरीच्या मुलींकडं द्या, नीट ठेवतात.

दुधनाकाठ

उशिरा लिहितेय, मध्ये घटक चाचण्या होत्या.

समितीची बैठक झाली. अकरा जण आले, त्यात सात बाया. मी यादी वाचली. खालच्या फळ्याला सगळ्या हो म्हणाल्या, पट्ट्यांना हो म्हणाल्या. पुस्तकांपाशी एक जण म्हणाली, "मला वाचता येत नाही, घरी पुस्तक आणलं तर लेकराला सांगणार कोण?" याचं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं. मग तिनंच विचारलं की चित्रं आहेत का. आहेत म्हटल्यावर म्हणाली, मग मी चित्र सांगते, तो अक्षरं सांगंल. ठराव तिच्या नावानं सूचक म्हणून लिहिला.

त्या मुलाला तेरणेचा दादांनी सांगितल्याप्रमाणे बोलावलं. शनिवारी सकाळची शाळा होती, पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आला. मी काही बोलले नाही. किनवटच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे स्टोरीवीव्हरच्या चार गोष्टी आधी छापून शिवून ठेवल्या होत्या, त्या वर्गात मधोमध ठेवल्या. चार पुस्तकं आणि एकवीस लेकरं. भांडण झालं, एकाचं पान फाटलं, एक मुलगी फाटलेलं पान घेऊन त्याच्याकडं गेली आणि म्हणाली, हे वाचून दाखव. त्यानं वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मधल्या सुट्टीपर्यंत तो उठला नाही.

सगळं माझ्या मनासारखं झालं असं नाही. टीव्हीचा विचार त्याच्या डोक्यातून पूर्ण गेलेला नाही. तिसरी-चौथीच्या सरांनाही तो हवाय, आणि त्यांचं म्हणणंही खरं आहे, त्यांच्याकडं इंग्रजी ऐकवायला दुसरं साधन नाही. ठरलं ते असं: चाळीस हजारांच्या वस्तू आत्ता, बिल त्याच्या नावानं, माल शाळेत. कपाटातला प्रोजेक्टर दुरुस्त होतो का ते तो पुण्यात दाखवून आणणार, त्यासाठी समितीच्या पत्रावर पोच घेऊन दिला. दुरुस्त झाला तर सरांच्या वर्गात. नाही झाला तर निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरमधून कमी करायचा, प्रस्ताव, आणि टीव्हीचं पुढच्या दिवाळीला बोलू. देखभालीला दरवर्षी पाच हजार देईन असं त्यानं स्वतःहून लिहून दिलं, त्याबद्दल शेंद्र्याच्या दादांचे आभार, ते वाक्य मी त्याला वाचून दाखवलं होतं.

आईच्या नावाची पाटी नको म्हणाला. प्रत्येक पुस्तकाच्या आत शिक्का मारायचा, पहिल्या पानावर. शिक्का परभणीत करायला दिलाय.

जागल्या दादा, आकडे अध्यक्षांना लिहून दिलेत, २६ जानेवारीला वाचणार आहेत. गळक्या पत्र्याचं पहिलं पत्र गेलं, पोच माझ्याजवळ आहे. बालाघाट दादा, आमच्या दोन मुली वीटभट्टीवर गेल्यात, त्यांच्या आईचा फोन लागला, गाव कळलं. पिशव्या पाठवते.

आता सुतार मांडणीची मापं मागतोय. पाच फूट उंच म्हणतोय, कारण त्याच्याकडं तेवढ्या फळ्या आहेत. पहिलीच्या लेकराला किती बरोबर पडेल?

किनवटची

पाच फूट अजिबात नको. सगळ्यात वरची फळी तीन फुटांच्या आत. पुस्तकाचा कणा दिसेल अशी उभी रचू नका, मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे, कारण वाचता न येणारं लेकरू चित्रावरून पुस्तक ओळखतं. त्यासाठी फळ्यांना मागं थोडा उतार आणि पुढं दोन बोटं पट्टी, म्हणजे पुस्तक घसरत नाही. कडा घासून घ्यायला सांगा, आमच्याकडं एकाच्या हाताला लाकडाचं कुसळ घुसलं होतं. आणि खाली चाकं लावायला सांगा, पावसाळ्यात पत्रा गळायला लागला की ढकलून कोपऱ्यात नेता येतं.